तळ्यातली तोफ

जेवणाच्या टेबलावर गेले सात महिने तळेगाव होतं, म्हणून बॅप्टिस्ट स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्याउभ्याच जेवायचा. जेवण म्हणजे तरी काय, बेकरीवाल्याचा पाव आणि चहा, नाहीतर शेजारच्या जोआनाने धाडलेली वाटीभर आमटी. टेबलावरचं तळेगाव त्याने हलवलं नव्हतं. रोज सकाळी मऊ ब्रशने तो डोंगरांवरची धूळ झटकायचा. लाल डगल्यातल्या शिपायांना मात्र हात लावायचा नाही. पर्पेच्युआने त्यांना जिथे उभं केलं होतं तिथेच ते उभे होते.

पर्पेच्युआ त्याची बायको. तिने बोरिवलीच्या एका शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. रोज सकाळी गोराईहून बोटीने खाडी ओलांडायची आणि संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा घेऊन परत यायची. निवृत्त झाल्यावर बरोबरीच्या बायका चर्चच्या कॉयरमध्ये गेल्या, ही लढाया खेळायला लागली. बोटाच्या पेराएवढे शिपाई आणायचे, भिंग लावून ते रंगवायचे, कागदाच्या लगद्याचे डोंगर करायचे आणि टेबलावर खरी झालेली लढाई फासे टाकून पुन्हा खेळायची. "परिणाम बदलतो का बघायचं," ती म्हणायची. बॅप्टिस्ट हसायचा. तो अंधेरीच्या एमआयडीसीत फिटर होता, त्याचं जग लेथवर चालायचं. तरी डोंगराखालच्या फळ्या त्यानेच कापून दिल्या आणि पितळेच्या तुकड्यातून दोन इंचाची एक तोफ काढून दिली. दहा दिवस लागले. नळीला आरपार भोक, चाकांना तारेचे आरे. पर्पेच्युआ ती तळहातावर घेऊन घरभर फिरली होती.

शेवटची मोहीम होती सन १७७८ च्या हिवाळ्यातली. मुंबईहून कंपनीची फौज हजारो बैल घेऊन बोरघाट चढली आणि पुण्याकडे निघाली, ती. पर्पेच्युआ कंपनीच्या बाजूने खेळत होती. समोर मराठ्यांचे घोडे घेऊन होता घाटकोपरचा भाऊराव, निवृत्त पोस्टमन. पंच होती माधुरी, पर्पेच्युआची जुनी विद्यार्थिनी, अंधेरीला एका ऑफिसात नोकरीला.

"बाई, तुम्हाला माहीत आहे ना इंग्रज हरले ते?" भाऊराव पहिल्याच दिवशी म्हणाला होता.

"म्हणून तर घेतले," पर्पेच्युआ म्हणाली. "जिंकणारी बाजू कोणीही खेळेल. मला बघायचंय, हरणारी माणसं घरी परत आणता येतात का."

नियम तिनेच लिहिले होते. त्यातला पहिला हुकमाचा. दोघांनी आपापल्या फौजेचा दुसऱ्या दिवसाचा हुकूम कागदावर लिहायचा, पाकिटात बंद करून माधुरीला द्यायचा. माधुरी दोन्ही पाकिटं एकदम उघडून मोठ्याने वाचणार, आणि लिहिलंय तेच होणार. मागाहून "मला तसं म्हणायचं नव्हतं" चालणार नाही. पर्पेच्युआला गोंदाचा वास सोसत नसे. ती जेवता जेवता ताटातलं भाताचं एक शीत घ्यायची आणि अंगठ्याने दाबून पाकीट चिकटवायची.

एका रविवारी तिने असंच एक पाकीट चिकटवलं. वर लिहिलं, '९ जानेवारी'. आणि गुरुवारी सकाळी, बोटीची वाट बघत जेटीवर बसलेली असताना, ती गेली. हृदय, डॉक्टर म्हणाले.

चर्चमध्ये तिच्या महिन्याच्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, माधुरीने ते पाकीट बॅप्टिस्टच्या हातात ठेवलं. "अंकल, नियमाने हे माझ्याकडे राहायला पाहिजे. पण तुमच्याकडे असू दे."

त्याने ते काचेच्या कपाटात, लग्नात आलेल्या बश्यांच्या मागे ठेवलं. आत पत्र नाही हे त्याला ठाऊक होतं. 'दोन मैल पुढे चला' एवढंच असेल. पण पर्पेच्युआने लिहिलेलं बाकी सगळं त्याने वाचून संपवलं होतं. वाणसामानाच्या याद्या, कॅलेंडरवरच्या खुणा, औषधाच्या डब्यावरचं 'जेवणानंतर, विसरू नको'. न वाचलेलं एवढंच उरलं होतं.

गणपती उठल्यानंतरच्या रविवारी भाऊराव आणि माधुरी बोटीतून उतरून घरी आले. भाऊरावाने चप्पल काढायच्या आधीच सांगून टाकलं.

"बॅप्टी, मी चाललो रे. नागपूरला, पोराकडे. दिवाळीनंतर."

"किती दिवस?"

"कायमचाच म्हण. गुडघे घराकडची टेकडी चढत नाहीत आता. पोरगा म्हणतो, लिफ्टच्या घरात राहा." त्याने टेबलाकडे पाहिलं. "म्हटलं, हे काय करायचं ते ठरवू. उचलून डब्यात भरायचं असेल तर मी मदतीला—"

"टेबलाला कोणी हात लावायचा नाही."

तो इतक्या जोरात बोलला की बाहेर जोआनाचा कुत्रा भुंकला. माधुरी हळूच म्हणाली, "मग खेळून संपवू या ना अंकल. टीचरच्या जागी तुम्ही."

"मला काय येतं त्यातलं?"

"आम्ही शिकवतो."

बॅप्टिस्टने काचेच्या कपाटाकडे पाहिलं. "आणि ते पाकीट?"

"९ तारीख खेळायची तर ते उघडावं लागेल. पुढच्या दिवसांचे हुकूम मग तुम्ही लिहाल."

त्याने बराच वेळ हनुवटी खाजवली. "मग आधी शिकवा," तो म्हणाला. "नीट शिकल्याशिवाय ९ तारीख नाही."

माधुरीने त्याच्याकडे पाहिलं. तिला कळलं असावं.

त्या दिवसापासून रविवार सरावाचे झाले. टेबलाला धक्का न लावता खाली चटई अंथरायची, डब्यातले जास्तीचे शिपाई काढायचे आणि दुपारभर खोट्या लढाया लढायच्या. बॅप्टिस्ट गुडघ्यावर बसून फुटपट्टीने मोजायचा. शिपायाची चाल सहा इंच, घोड्याची बारा, तोफेची फक्त तीन.

पहिल्या रविवारी भाऊरावाचे घोडे चालून आले तशी बॅप्टिस्टने पलटण मागे पळवली. तीन फाशांत सगळी आडवी.

"अरे पळतोस कुठे? घोडा तुझ्यापेक्षा जोरात पळतो!" भाऊराव ओरडला. "चौकोन कर. पाठीला पाठ लाव, बंदुका बाहेर. घोडा संगिनीवर जात नाही."

दुसऱ्या वेळी त्याने चौकोन केला आणि खूश होऊन तसाच उभा राहिला. भाऊरावाने लांबून तोफा लावल्या आणि त्या घट्ट गर्दीचा भुगा केला.

"आता काय झालं?"

"आता चौकोन मोडायचा होता. सारखं एकच धरून बसायचं नसतं, बॅप्टी."

तिसऱ्या रविवारी बैल आले. एकामागे एक, चटईच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बॅप्टिस्टला वाटलं आता तरी लढाई होईल. पण भाऊराव लढेचना. तो आपला बाजूबाजूने घोडे फिरवायचा आणि माधुरीला सांगायचा, "या गावातला चारा जाळला. त्या गावातला जाळला."

"अरे, समोर ये ना!"

"कशाला? तू चालत राहा ना बाबा. आधी तुझे बैल उपाशी, मग तू उपाशी. मला हातपण लावायला नको."

बॅप्टिस्टला ते पटलं. फिटरच्या डोक्याला ते लगेच कळलं. रांग जितकी लांब तितका तिच्यात ढिलेपणा, आणि ढिलं तिथेच मोडतं. पुढच्या खेपेला त्याने रांग अर्ध्यावर आणली, बैल मध्ये घेतले, दोन्ही बाजूंना शिपाई लावले आणि चटईचं दुसरं टोक जवळजवळ गाठलं.

"झकास!" भाऊरावाने त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुझ्या पलटणीत अर्धे आमचेच बापजादे असतील, म्हणून वाचलास."

"आणि आमचे कुठे होते?"

"तुमचे इथेच गोराईत वाल पेरत असतील. पोर्तुगीज, मराठे की इंग्रज, आज कोणाचं राज्य आहे म्हणून विचारत असतील."

बॅप्टिस्ट हसला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच घरात कोणी हसलं.

पण एक गोष्ट त्याला काही केल्या जमेना. तोफ. सरावासाठी त्याने टेबलावरून तेवढी एक, पितळेची तोफच उचलली होती. चाल तीन इंच, घाटात दोनच. सगळी फौज तिच्यासाठी खोळंबायची. भाऊरावाला हे माहीत होतं, तो सरळ तोफेवरच यायचा. आणि बॅप्टिस्ट दर वेळी तिच्याभोवती एकेक करून सगळी पलटण गमवायचा.

"सोड ना ती तोफ!"

"सोडली की तू घेणार."

"म्हणजे काय, घेणारच! नियम आहे."

नियम होता खरा. पकडलेली तोफ जिंकणाऱ्याच्या घरी जायची आणि पुढच्या मोहिमेपर्यंत त्याच्या कपाटात राहायची. घाटकोपर ठीक होतं. पण नागपूर? बॅप्टिस्टने तोफ रुमालाने पुसून टेबलावर जागच्या जागी ठेवली.

असे पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी बॅप्टिस्टने चटई काढली तर भाऊरावाने ती गुंडाळून कोपऱ्यात उभी केली.

"शिकलास तू. मंगळवारी माझी गाडी आहे."

"मला अजून चौकोन नीट—"

"बॅप्टी, बस." भाऊराव स्वतः खुर्चीवर बसला, त्याचा गुडघा दुखत होता. "पंतनगरला माझ्या बीटमध्ये एक म्हातारी होती. लेकाचं पत्र आलं की ती उघडायचीच नाही. उशाखाली ठेवायची, दोन दोन दिवस. मी एकदा विचारलं, आजी, वाचून दाखवू का? तर म्हणाली, नको रे, वाचलं की संपतं."

बॅप्टिस्ट फरशीकडे बघत होता.

"मग?" त्याने विचारलं.

"मग काय? तिसऱ्या दिवशी मीच वाचून दाखवायचो. तो बिचारा लिहायचा, आई, उत्तर का पाठवत नाहीस?"

काचेच्या कपाटाचं दार जरा अडायचं. बॅप्टिस्टने ते उघडलं, बश्या बाजूला केल्या आणि पाकीट आणून माधुरीच्या हातात दिलं. "तू वाच. पंच तू आहेस."

माधुरीने आधी भाऊरावाचं तेव्हाचंच बंद पाकीट पर्समधून काढलं. मग दुसऱ्या पाकिटाच्या कडेखाली नख घातलं. वाळलेलं शीत पापडीसारखं सुटून टेबलावर पडलं. बॅप्टिस्टने ते बोटाच्या टोकावर उचलून घेतलं.

भाऊरावाचा हुकूम एका ओळीचा होता. सगळे घोडे वळसा घालून वडगावच्या वाटेवर, मागे फिरणाऱ्यांना अडवायला.

मग माधुरीने पर्पेच्युआचा वाचला. वाचताना तिचा आवाज शाळेत उभी राहिल्यासारखा झाला.

"'९ जानेवारी, तळेगाव. पुढे जायचं नाही. पुणं जवळ दिसतंय, पण बैल संपले आणि चाराही संपला. एक, जास्तीची रसद जाळावी. दोन, उरलेले रिकामे बैल गावकऱ्यांना देऊन टाकावेत. तीन, मोठी तोफ तळ्यात टाकावी. चार, जखमी मध्ये घ्यावेत, पलटण बाहेरून, आणि सगळ्यांनी मागे फिरावं. कोणाला मागे ठेवायचं नाही.'"

"तळ्यात?" बॅप्टिस्ट म्हणाला. "माझी तोफ?"

"थांबा, खाली अजून आहे. 'पंचांसाठी. तोफ ओढत नेली तर भाऊ वाटेत गाठून घेतील आणि घाटकोपरला घेऊन जातील. तळ्यात बुडवली तर ती कोणाचीच नाही, टेबलावरच राहते. नियम सात बघ. मी तो उगाच नाही लिहिला. बॅप्टीने तिच्यासाठी दहा दिवस लेथवर काढलेत. त्याला ती बुडताना बघवणार नाही. तेव्हा तोफ टाकायच्या आधी त्याला चहा करायला पाठव.'"

भाऊरावाला हसू आलं. तो दाबायला गेला आणि ते जास्तच फुटलं. "बाई रे बाई! नियम सात! इतके महिने मी त्या तोफेवर डोळा ठेवून बसलोय!"

बॅप्टिस्ट उठला आणि चहा ठेवायला गेला.

आत त्याने पाणी ठेवलं, साखर टाकली, आणि गॅस न पेटवताच उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने बनियनला डोळे पुसले, गॅस पेटवला आणि आतूनच ओरडला, "मी येईपर्यंत टाकू नका हां!"

तीन कप घेऊन तो आला तेव्हा त्याच्या दुसऱ्या हातात पाण्याचा पेलाही होता. तळेगावचं तळं म्हणजे सार्डिन माशाचा रिकामा डबा होता, आतून निळा रंगवलेला. त्याने त्यात चमच्याने पाणी घातलं. मग तोफ उचलली, चाकं एकदा फिरवून बघितली आणि पाण्यात सोडली. नळीतून एक बुडबुडा वर आला.

"हं," तो म्हणाला. "फासे दे."

खेळ दुपारी दोनपासून साडेपाचपर्यंत चालला. तोफ नव्हती म्हणून पलटण सहा इंचांनी निघाली. बॅप्टिस्टला आधी ती ओळखूच येईना, इतकी ती चालत होती. पर्पेच्युआने ठेवलेले शिपाई त्याने एकेक करून पहिल्यांदाच हातात घेतले. बूट काळे, पट्टे पांढरे, आणि एकाला तिने चष्मा रंगवला होता.

भाऊरावाने काही सोडलं नाही. "दया करणार नाही हां, बाईंनी पण केली नसती," म्हणत तो दोन्ही बाजूंनी आला. घोडे आले की बॅप्टिस्ट चौकोन करायचा, घोडे हटले की मोडायचा आणि चालू लागायचा. जखमींची गाडी एकदा अडकली तेव्हा भाऊराव म्हणाला, "सोड." बॅप्टिस्ट म्हणाला, "कोणाला मागे ठेवायचं नाही, लिहिलंय," आणि चार शिपाई घालवून गाडी काढली. दिवस संपला तेव्हा बावन्नातले सदतीस वडगावला पोचले होते. भोवती सगळीकडून घोडे.

"आता?" बॅप्टिस्टने विचारलं.

"आता १० तारखेचे हुकूम," माधुरी म्हणाली आणि मग तिच्या लक्षात आलं. मंगळवारी भाऊराव जाणार होता.

"व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा ना दोघं मला," ती म्हणाली. "मी इथे येऊन शिपाई हलवीन, फोटो काढून टाकीन."

"गप गं," भाऊराव म्हणाला. "छत्तीस वर्षं लोकांच्या दारात पत्रं टाकली. माझ्या दारात आलेली एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. हुकूम पाकिटातूनच. तुला अंधेरीला पाठवायचा. आणि बॅप्टी, मला वेगळी चिठ्ठी. शिव्या लिही, चालेल. पण लिही."

"मला नाही लिहिता येत."

"तर काय झालं? मला वाचता येतं."

बॅप्टिस्ट त्यांना जेटीपर्यंत सोडायला गेला. भाऊरावाने बोटीत पाय ठेवताना त्याचा खांदा धरला आणि तोल सावरल्यावरही जरा वेळ तसाच धरून ठेवला.

सोमवारी सकाळी बॅप्टिस्टने गावच्या दुकानातून पाकिटं आणली. दुपारी तो लिहायला बसला. तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं, '१० जानेवारी. वडगाव. चौकोन करावा, पण धरून बसू नये. वाट मिळाली की चालावं. जखमींची गाडी मध्ये.' दुसऱ्या कागदावर लिहिलं, 'भाऊ, पोचलास का? लिफ्ट कशी आहे? तोफ तळ्यात आहे, पाणी बदललं. गंज चढणार नाही, पितळ आहे.'

मग पाकिटं चिकटवायला त्याने ड्रॉवर धुंडाळला. घरात गोंद नव्हता, कधीच नसायचा. जोआनाकडे असेल असं वाटून तो दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

तांदळाचा डबा वरच्या फळीवर होता. हाताला सवयीने दोघांचंच माप आलं. त्याने तसंच धुऊन चढवलं. भात थोडा गिचका झाला, पण शीत चांगलं चिकट निघालं. एक एका पाकिटाला, एक दुसऱ्याला, अंगठ्याने दाबून. पाकिटं त्याने वाळायला खिडकीत ठेवली.

भात भरपूर उरला होता. त्याने ताट वाढून घेतलं आणि सवयीने ओट्याकडे वळला. मग टेबलाकडे पाहिलं. फौज वडगावला गेली होती, तळेगावची बाजू रिकामी झाली होती. तिथे फक्त तळं होतं. त्याच्या शेजारी ताटाएवढी जागा होती.

बॅप्टिस्टने खुर्ची ओढली आणि बसला.